नंदीची चूल

नेकनूर
१४ जानेवारी २०२५, संक्रांत

चि. योगीराज,

तिळगूळ घे. गोड बोलणं तुला जमायचं न्हाई, ठाऊक हाय मला, तरी घे. पुडीत चार लाडू घातलेत. टपालात चुरा झाला तर चमच्यानं खा.

तुझा पत्ता कुठनं मिळाला म्हणून डोकं खाजवू नको. कुत्र्याच्या खाण्याची पिशवी तू पुण्याहून पाठवतोस, तिच्या खोक्यावर पाठवणाराचं नाव-गाव असतं. मी सातवी शिकलेली हाय बाबा, तेवढं वाचता येतं. फोनवर तू माझा नंबर बंद करून ठेवलायस, अप्पांचा केलायस, दुकानाचा बी केलायस. आता टपालवाल्याला कसा बंद करतोस ते बघते.

दिवाळीच्या पाडव्याला तुझं आन् अप्पांचं वाजलं. ते म्हणले, किराणा दुकान तुझ्या आज्यानं उभं केलं, गादीवर बस. तू म्हणलास, मी मोठ्या जातीच्या कुत्र्यांची पैदास करणार, एकेक पिल्लू मोटारसायकलीच्या मोलानं जातं. त्यावर ते जे बोलले ते लिवत न्हाई, तुला पाठ असंल. तू बॅग भरलीस. जाताना मला म्हणलास, "आई, खोली बघतो आन् पंधरा दिवसांत ब्रूनोला घेऊन जातो. तवर बघशील ना?" अप्पांकडं वळून बी बघितलं न्हाईस. ते पंधरा दिवस कवाच सरले.

आता तुझ्या ब्रूनोचं ऐक. ते नाव घ्यायला माझी जीभ वळत न्हाई. मी नंदी म्हणते, आन् तो येतो. ग्रेट डेन का काय त्याची जात तू सांगितली व्हतीस, ती गावाला ठाऊक न्हाई. बाजाराच्या दिवशी एक म्हातारा दारात थांबला, लांबून म्हणतो, "वासरू द्यायचं का, बाई?" मी म्हणले, द्यायचं, पण भुंकतं. म्हातारा असा सटकला की पिशवी इथंच विसरला. दुकानात घेतला तर शेपटीनं भाव लिवलेले पुठ्ठे सगळे खाली. परवा गुळाची अर्धी ढेप खाल्ली आन् साळसूदासारखा अप्पांच्या धोतराला तोंड पुसून आला. अप्पांनी शिव्या दिल्या, पण कुत्र्याला कमी, तुला जास्त.

पिशवी मिळाली. आवडीनं खातो. पुढचे पाय जरा फाकवून टाकतो, थंडीनं आखडले असतील. तेल चोळते.

अप्पा बरे हायेत. तुझं नाव काढत न्हाईत. पण खोकं आलं की आदी हातात घेतात, उलटंपालटं करतात, मग मला देतात.

दोन वळी लिव.

तुझी आई
शांतादेवी


नेकनूर
३ मार्च २०२५

चि. योगीराज,

महाशिवरात्र झाली. कपिलधारेला जाऊन आले. तुझ्या नावानं बेल वाहिला.

मागल्या पत्रात मी खोटं लिवलं. पिशवी नंदी आवडीनं खातो म्हणले ना? त्यानं त्यातला दाणा बी खाल्ला नव्हता. पिशवीवर कोंबडीचं चित्र हाय, योगी. वाचायला सातवी लागत न्हाई त्याला. लिंगायताच्या घरात वाढलेला जीव, माझ्या हातनं त्याच्या तोंडात कोंबडी कशी घालू? मी ती पिशवी पदराआड धरून एस्टी स्टँडामागल्या भटक्या कुत्र्यांना घालीत व्हते. ती कुत्री आता अशी माजलीत की बस आली तरी उठत न्हाईत. नंदीला घरचं देत व्हते. दूधभाकरी, वरणभात, त्यावर साजूक तूप. सोमवारी तो माझ्यासंग उपास करायचा, साबुदाणा खायचा. भस्म लावलं तर कपाळ म्होरं करायचा. मला वाटलं, काय गुणाचं लेकरू हाय, आपल्या योगीपेक्षा बरं.

आन् त्याचे पाय वाकले. पुढचे दोन्ही, धनुष्यासारखे. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी बसला तो उठंना. आपले गावातले जनावरांचे डॉक्टर म्हणले, "काकू, बैल असता तर सांगितलं असतं, हे माझ्या हाताबाहेरचं हाय." मग जीप करून बीडला नेलं. तिथं एक पोरगी डॉक्टर हाय, वैष्णवी नाव. तुझ्यापेक्षा लहान असंल. तिनं विचारलं, खायला काय देता? मी तोऱ्यात सगळं सांगितलं, उपासासकट. तिनं हातातलं पेन खाली ठेवलं.

"आजी, ह्याला काय मठात बसवायचाय का?"

मला हसू बी आलं आन् रडू बी आलं. ती म्हणली, हे कुत्रं वर्षात माणसाएवढं वाढतं, हाडाला जे लागतं ते भाकरीत न्हाई. दूधतूप घालून तुमी त्याचं वजन वाढवलं आन् पाय तसेच ठेवले, आता ते वजन पायांना पेलत न्हाई. असंच चाललं तर पावसाळ्यापर्यंत हे उभं राहायचं न्हाई.

मायेनं केलं रे. मायेनंच पाय मोडले त्याचे.

आता पिशवीतलंच देते. पिशवी गोठ्यात असते, घरात न्हाई. डाव्या हातानं वाढते, मग अंघोळ करते. अप्पा म्हणले, उंबऱ्याच्या आत आणू नको म्हंजी झालं. तो कसा खातो सांगू? खाली मान घालून, थांबून थांबून माझ्याकडं बघत. चोरी केल्यासारखा. ते बघवत न्हाई.

पायाला काय औषध लागतं ते तुला ठाऊक असंल. तुला त्यातलं कळतं.

आई


नेकनूर
२० एप्रिल २०२५

चि. योगीराज,

पुडा मिळाला. हाडं बळकट करायची पावडर, वर कुठं चिठ्ठी न्हाई, काय न्हाई. पण मी नाचले. म्हंजी पत्र पोचतं. म्हंजी तू वाचतोस! अप्पांना सांगितलं तर म्हणले, "कुत्र्याचं औषध आलं म्हणून एवढी खूष? मला डायबेटीस हाय, मला कुणी पुडा पाठवला न्हाई." रागात म्हणले, पण म्हणले तरी.

एकच हाय. या महिन्यात पिशवी आली न्हाई. मागल्या महिन्यातली पुरवून पुरवून वापरली. तुझी तब्येत बरी हाय ना? कामावर सगळं बरं ना? पिशवीचं सोड, माझा जीव दुसऱ्याच गोष्टीला लागलाय. तिच्या खोक्यावर तुझ्या हातचं अक्षर असतं.

ऊन लई पडलंय. नंदी दिवसभर मोरीतल्या गार फरशीवर पडून असतो, मोरी सगळी त्याचीच. अंघोळीला आमी त्याला वलांडून जातो. दुकानातला कूलर दुपारचा गोठ्यात लावते. गिऱ्हाईक घाम पुसत विचारतं, कूलर कुठं गेला? अप्पा म्हणतात, आजारी माणसाला दिलाय.

पिशवी सरली तवा बीडच्या डॉक्टरीणबाईला फोन केला. ती म्हणली, अंडी उकडा, कोंबडी शिजवून हाडं काढून द्या, पावडर घाला, हे खाणं थांबलं तर पाय परत वाकतील. मी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी गोठ्याच्या मागं तीन दगड मांडले आन् चूल केली.

मांजरसुंब्याला सुग्रीवचा ढाबा हाय बघ, आपल्याकडनं तांदूळ नेतो तो. तिथं जीपनं गेले. त्यानं मला बघितलं आन् गल्ल्यावरनं उठून उभा राहिला. "काकू, तुमी? चुकून आलाव का?" मी डबा म्होरं केला. त्यानं काय विचारलं न्हाई, भरून दिला आन् वरनं दोन कागद बांधले. येताना जीपमधी शेजारची बाई म्हणते, काय हाय डब्यात? मी म्हणले, पनीर.

पहिल्या दिवशी शिजताना वास सुटला आन् मला भडभडून ओकारी आली. गळ्यातलं लिंग काढून ठेवता येत न्हाई, जीव हाय तवर ते अंगावर पाहिजे. मग मी ते पाठीवर सरकवलं आन् वरनं पदर गच्च बांधला. देवाला दिसत न्हाई असं न्हाई, मला त्याच्या म्होरं करवत नव्हतं. भांडी वेगळी, लुगडं वेगळं. तिथलं आटपलं की डोक्यावरनं अंघोळ, मग पूजा, मग घरातली चूल.

नंदीनं टोपलं चाटून पुसून ठेवलं आन् माझ्या मांडीवर मान टाकली. केवढी जड मान हाय त्याची.

अप्पा बरे हायेत. आजकाल दुकानातच जेवतात.

आई


नेकनूर
९ जून २०२५

योगीराज,

आज गोड काय लिवणार न्हाई.

अप्पा दुकानात जेवतात म्हणून लिवलं व्हतं. कावून जेवतात ते लिवलं नव्हतं. तू विचारलं न्हाईस, तू कशाला विचारशील. चूल मांडली त्याच दिवशी संध्याकाळी मी ताट वाढलं. अंघोळ करून, पूजा करून, धुतल्या लुगड्यात. त्यांनी ताट बघितलं, माझे हात बघितले आन् म्हणले, "शांते, त्या हातानं मला वाढू नको." उठले. तवापासून माझ्या हातचं पाणी बी पीत न्हाईत.

भांडत न्हाईत. भांडले असते तर मी बी ऐकवलं असतं, तोंड हाय मला. नुसते गप. दुकानाच्या मागल्या खोलीत स्टो लावतात आन् भात शिजवतात. ज्या माणसानं चाळीस वर्षांत चहा केला न्हाई तो भात शिजवतोय! खाली करपतो, वर कच्चा राहतो. करपल्याचा वास मला माडीवर येतो. साखरेच्या आजाराला रोज भात, आन् तो बी तसला. गालफडं बसलीत. मी म्हणले, मी भाकरी करून ठेवते, तुमी हातानं घ्या. म्हणले, "थापणारा हात कुणाचा?"

त्यांच्या जागी मी असते तर? मी बी न्हाई जेवले असते, योगी. खोटं कशाला बोलू.

उमापूरला शिवकन्या आत्याच्या लेकीचा साखरपुडा झाला. मागल्या चुलीची बातमी तिथवर पोचली व्हती. मी पदर खोचून पंगतीत वाढायला उभी राहिले तर आत्या लगबगीनं आली, हातातलं भांडं घेतलं. "तू बस वहिनी, पोरी हायेत की वाढायला." सगळ्यांच्या म्होरं. लई गोड आवाजात. मी बसले. पंगत उठेपर्यंत भिंतीला टेकून बसले आन् घरी येऊन नंदीच्या अंगावर पडून रडले. त्यानं माझं तोंड चाटलं. दुसरं कोण व्हतं?

परवा तुझा दोस्त युवराज दुकानावर आलता. आडून आडून विचारलं तर म्हणला, "काकू, सांगू नका म्हणलाय, पण त्याला कंपनीनं काढलंय. मार्चातच. कुणाकुणाचं घेऊन चालवतोय." असं हाय तर. म्हणून पिशवी बंद. मी इथं तुझ्या अक्षराची वाट बघते आन् तू तिथं उपाशी.

काम गेलं तर गेलं. तू कुणाचा खून केला न्हाईस. घरी ये. अप्पा दोन दिवस बोलणार न्हाईत, तिसऱ्या दिवशी म्हणतील, तराजू पूस. तू आलास की नंदी तुझ्या हाती देईन, मागली चूल मोडीन. मग अप्पा बी जेवतील. तुझ्या एका येण्यावर माझं सगळं अडलंय. तुला लाज वाटत असंल तर रातच्या बसनं ये, मी दार उघडं ठेवते.

आई


नेकनूर
४ ऑगस्ट २०२५, श्रावणी सोमवार

चि. योगीराज,

आला न्हाईस.

दरवर्षी श्रावणात जंगम स्वामी आपल्याकडं जेवायला येतात. यंदा दारापर्यंत आले, उभ्या उभ्या भस्म दिलं, म्हणले, "पुढल्या वर्षी बघू, आई." अप्पांनी त्यांच्या पायावर पाणी घातलं ते ओट्यावरच. तुझ्या आज्यापासून न चुकलेली गोष्ट चुकली. स्वामी गेल्यावर अप्पा बराच वेळ पाट उचलायचं विसरले.

दुसरं लिवते, तुला बरं वाटंल.

नंदी पळाला! पळाला म्हंजी पळाला, लंगडणं न्हाई, फाकणं न्हाई. शेजारच्या बारक्या करिष्मानं चेंडू टाकला आन् हे धूड अंगणातनं असं सुटलं की तुळशीची कुंडी गेली, माझी वाळवणाची खाट गेली, करिष्माचं हसू थांबंना. पाय सरळ झालेत त्याचे. वैष्णवी डॉक्टरनं हात लावून बघितलं, म्हणली, "आजी, मला खरंच वाटलं नव्हतं." रोज चार अंडी, पावशेर कोंबडी, तुझी पावडर. करिष्मा पाठीवर बसते तर हलत न्हाई, ती उतरेपर्यंत श्वास धरून उभा राहतो. वीज कडाडली तर डोळा उघडत न्हाई, आन् कुकरची शिट्टी झाली की खाटेखाली घुसतो, खाट डोक्यावर घेऊन उठतो. एवढं मोठं जनावर आन् शिट्टीला भितं. तू असतास तर लोळला असतास हसून.

रात्री माझ्या पायथ्याशी झोपतो. तुझ्या जागेवर.

उत्तर दे. शिवी लिव, पण लिव.

आई


नेकनूर
२८ ऑक्टोबर २०२५

योगीराज,

काल दुपारी दारात पांढरी पिकप लागली. केजकडचा माणूस व्हता, अंगठ्या घातलेला, संगं दोन गडी. बोलायला वाईट नव्हता. मला मावशी म्हणला. म्हणला, "कुत्रं न्यायला आलोय. योगीराजभाऊंशी व्यवहार झालाय, पैसे त्यांना पोचलेत."

मी म्हणले, कोणतं कुत्रं?

त्यानं मोबाईल दाखवला. त्यात तुझी जाहिरात. वर नंदीचा पिल्लू असतानाचा फोटो, खाली लिवलेलं. मी चष्मा आणून वाचलं. सातवी शिकल्याचा असा पस्तावा मला कधी झाला नव्हता. "घरगुती मायेत वाढलेला. पाय सरळ व मजबूत, डॉक्टरांनी तपासलेले. आहार रोज चार अंडी व चिकन. लहान मुलांना पाठीवर बसू देतो." त्या माणसानं हसून वर विचारलं, "आन् कुकरच्या शिट्टीला भितो म्हणं, मावशी?"

ही माझी अक्षरं हायेत, योगी. मी तुला हसवायला लिवलेली. वर्षभर वाटत व्हतं की पोचत असतील का, वाचत असशील का. वाचलीस की. एकूण एक वाचलीस. माल कसा हाय ते बघायला वाचलीस.

तो माणूस नंदीचे पाय दाबून बघत व्हता. "मावशी, सांभाळलाय लई भारी. आमी मंगल कार्यालय बांधलंय, गेटला बांधायला असंच पाहिजे व्हतं." गेटला बांधायला. नंदीला मी एक दिवस दोरी लावली न्हाई.

मी म्हणले, न्हाई देणार. पैसे ज्याला दिलेत त्याच्याकडनं घ्या. चांगली ओरडले, गल्लीतली माणसं जमली. अप्पा दुकानातनं आले, ओट्यावर उभे राहिले. मला वाटलं, आता हे माझ्या बाजूनं बोलणार. पोटच्या पोरानं आईच्या मागं तिचं जनावर विकलं, बोलणारच. ते पायरी उतरून माझ्याजवळ आले. आवाज असा खाली, की फक्त मलाच ऐकू यावा.

"जाऊ दे त्याला, शांते. आज तुझ्या हातचं जेवतो."

सहा महिन्यांनी ते माझ्याशी जेवणाचं बोलले. मी त्यांच्याकडं बघितलं. सदऱ्याचा गळा सैल झालाय, आत मान बारकी. डोळे मागणाऱ्यासारखे. माझ्या नवऱ्यानं जिंदगीत कुणाकडं काय मागितलं न्हाई, योगी. उधारी बी मागायला दुसऱ्याला पाठवतात.

एका हाताला नंदी लागत व्हता, नेहमीसारखा टेकून उभा. मला वाटलं, मी हे कुणासाठी केलं? तुझ्यासाठी. तू येशील, तुझी वस्तू तुला परत देईन म्हणून. तू तर ती विकून मोकळा झालास. मग आता हा माणूस माझ्या डोळ्यादेखत करपला भात खाऊन मरू द्यायचा का?

मी म्हणले, न्या.

नंदी चढंना. दोन गड्यांनी वढलं, मागनं रेटलं, त्यानं चारी पाय जमिनीत रोवले. तू म्हणलास तसे मजबूत पाय. गुरगुरला न्हाई, चावला न्हाई, नुसता माझ्याकडं बघत राहिला. तो माणूस म्हणला, मावशी, तुमीच काय तरी करा. मला ठाऊक व्हतं काय करायचं. बीडला नेताना आदी मी जीपमधी चढायची, मग तो चढायचा. मी आत असले की त्याला भीती न्हाई.

मी पिकपमधी चढले. त्याला हाक मारली. एका उडीत आत आला, शेपटी हलवत, माझ्या पायाला टेकला. त्याला वाटलं डॉक्टरकडं चाललोय. मी त्याच्या कपाळावर हात ठेवला, म्हणले, बस. तो बसला. मी खाली उतरले आन् त्यांनी फळी लावली.

तो भुंकला न्हाई. गाडी वळेपर्यंत बसूनच व्हता. बस म्हणले व्हते ना मी.

दिवेलागणीला अंघोळ केली, पूजा केली, स्वयंपाक केला. ज्वारीच्या भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी. अप्पा पाटावर बसले. दोन भाकरी खाल्ल्या आन् तिसरी मागितली. खाता खाता त्यांच्या डोळ्यातनं पाणी आलं. म्हणले, चटणी तिखट झालीय. मला बरं वाटलं, योगी. खरं सांगते, त्यांना जेवताना बघून मला घटकाभर लई बरं वाटलं, आन् त्या बरं वाटण्याचीच आता शिसारी येती. मी ताट घेतलं, घास गेला न्हाई. अप्पांनी बघितलं. म्हणले, "केजला जाऊन बघून येऊ का एकदा?" मी म्हणले, काय तोंड घेऊन जाऊ?

तुझी नड मला कळते. शिव्याशाप देणार न्हाई, आई हाय मी. घर तुझं हाय, कवा बी ये. न्हाई आलास तरी पत्रं मी आता लिवणार न्हाई, लिवलेलं कशाच्या कामाला येईल त्याची भीती बसली.

एक तेवढं ध्यानात ठेव. तू विकलास, अप्पांनी मागितलं आन् मी चढवलं. कैक वर्षांत आपण तिघांनी मिळून एक काम केलं नव्हतं. हे केलं.

तुझी आई
शांतादेवी